जयम्माच्या वांग्यात सोडलेले किडे

मला बघायला आलेल्या मंडळींनी विचारलं, "मुलगी काय करते?" बाबांनी एकदा छताकडे बघितलं आणि म्हणाले, "शेतकीचं काहीतरी आहे, औषधांच्या कंपनीत." आईने लगेच उप्पिटाच्या बशा पुढे केल्या. शेवटी मीच सांगून टाकलं की मी किडे पाळते. मंडळी हसली. मुलगा तेवढा हसला नाही. त्याने विचारलं, "चावतात का?" मी म्हटलं, "माणसांना नाही." आमचं लग्न झालं, आणि पुढे कित्येक वर्षं मी घरी आल्यावर माझ्या पदराला चिकटलेला एखादा भुंगेरा काढून तो खिडकीबाहेर सोडत असे.

आता मी निवृत्त आहे. बेंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या आमच्या मराठी मंडळींत मला किड्यांच्या काकू म्हणतात आणि देवनहळ्ळीकडच्या खेड्यांत 'हुळद मेडम'. हुळ म्हणजे कन्नडात किडा. दोन्ही पदव्या मी मिरवते. या अंकाच्या संपादकबाईंनी लेख मागताना "फराळ करता करता वाचता येईल असं लिहा" अशी अट घातली आहे. ती कितपत पाळता येईल, शंका आहे.

आधी धंदा समजावून सांगते. भाजीच्या शेतात दोन तऱ्हेचे किडे असतात. एक भाजी खाणारे, आणि दुसरे या खाणाऱ्यांना खाणारे. दुसऱ्यांना आम्ही मित्रकिडे म्हणतो. त्यांत भुंगेरे आले, कोळी आले, डोळ्यांना धड दिसतही नाहीत अशा गांधीलमाश्या आल्या. फवारा मारला की तो दोघांवर सारखाच पडतो, पण मरायची पाळी आधी मित्रांची येते. भाजी खाणारा पानामागे नाहीतर शेंड्याच्या बेचक्यात बूड टेकून बसलेला असतो. त्याला खाणारा मात्र भक्ष्य शोधत झाडभर हिंडतो, म्हणजे औषधाच्या प्रत्येक थेंबावरून चालतो. फवाऱ्यातून वाचलेल्या भाजीखाऊला मग रान मोकळं मिळतं आणि तो दामदुपटीने वाढतो. शेतकऱ्याला वाटतं, औषध कमी पडलं. तो मात्रा वाढवतो, मग दोन औषधं एकत्र करतो, मग शेजाऱ्याने सांगितलेलं तिसरं घालतो. एवढ्यानेही भागलं नाही की आमच्या दाराशी येतो.

आमची कंपनी यशवंतपूरला, छोट्या कारखान्यांच्या गल्लीत. पुढच्या गाळ्यात किडे मारायची औषधं विकायची आणि मागच्या खोल्यांत मी किडे वाढवायचे. हा विरोधाभास आमच्या मालकांना कधी जाणवला नाही. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांचं म्हणणं सरळ होतं, गिऱ्हाईक कुठल्याही दाराने आलं तरी आपलंच.

माझ्या खोलीत मुख्य पैदास होती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची. मसुरीच्या दाण्याएवढा, काळा, डोक्याशी तांबूस. याचं आवडतं खाद्य म्हणजे पिठ्या ढेकूण. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं चिकट काही बसलेलं तुम्ही पाहिलं असेल, तोच. भुंगेरे हवेत तर आधी पिठ्या ढेकूण हवेत, आणि ते वाढवायला लाल भोपळे हवेत. तेव्हा मी बाजारात जाऊन खोल शिरांचे, देठ शाबूत असलेले, कुठेही न खरचटलेले भोपळे एकेक उचलून बघायची आणि गुळगुळीत, चकचकीत भोपळे नाकारायची, कारण त्यांवर ढेकणांचा पाय ठरत नाही. भोपळेवाल्याने एकदा न राहवून विचारलं, "अक्का, कुठल्या कल्याणमंडपातल्या लग्नाचं जेवण असतं हे?" मी म्हटलं, "जेवण आहे खरं, पण ढेकणांचं." त्यानंतर तो मला भोपळे द्यायचा, पण माझ्या हातची चिल्लर टेबलावर ठेवायला सांगायचा.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. पुण्याहून नव्याने आलेल्या एका बाईंनी गच्चीवरच्या कुंड्यांसाठी भुंगेरे नेले. दोन आठवड्यांनी फोन, "मॅडम, तुमचे बग्ज सगळे फ्लाय करून गेले. एकही राहिला नाही. धिस इज नॉट डन." मी विचारलं, "आणि झाडावरचं पांढरं?" त्या बघून आल्या. म्हणाल्या, "ते पण नाहीये." मी म्हटलं, "मग ते थांबून काय करतील? पान वाढलं नाही तर पाहुणा बसून राहतो का?" बाई हसल्या आणि त्यांनी सोसायटीतल्या आणखी चौघींना माझा नंबर दिला. त्या चौघींनीही नंतर हीच तक्रार केली.

पण मला आज सांगायचंय ते जयम्माबद्दल.

जयम्मा पुढच्या दाराने आली होती. साठीची, सडपातळ, कानात कुड्या, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली वांग्याची फांदी. बरोबर मुलगा मंजू, विमानतळावर टॅक्सी चालवणारा. फांदी पांढरीफटक होती. मंजू गाळ्यातल्या माणसाला म्हणत होता, "यापेक्षा कडक काही द्या. आहे त्याने काही होत नाही." मी भोपळा घेऊन आत चालले होते. फांदी बघितली आणि भोपळ्यासकट थांबले.

"आत्तापर्यंत काय काय मारलंय?" मी विचारलं.

मंजूने नावं सांगायला सुरुवात केली. त्यातलं एक आता बाजारात असायला नको होतं आणि दोन एकमेकांत मिसळायची नव्हती. जयम्मा म्हणाली, "मेडम, पहिल्या फवाऱ्याआधी शेंड्यावर स्वल्प होते. आता बघा."

मी शेत बघायला गेले. देवनहळ्ळीच्या पलीकडे तिचं एक तुकडा रान होतं आणि त्याच्या तीन बाजूंना लेआउट, म्हणजे घरांसाठी पाडलेले प्लॉट, झालेलं. आखलेले रस्ते, रोवलेले दगड, कुठल्याशा परदेशी गावाचं नाव लिहिलेली कमान. चौथ्या बाजूला शेजाऱ्याची बांधावरची झुडपं. मंजूने वाटेतच सगळं सांगून टाकलं. लेआउटवाले संक्रांतीला परत येणार होते. त्याचं आणि आईचं ठरलं होतं, हे वांग्याचं पीक नीट आलं तर शेत ठेवायचं, नाही आलं तर विकायच्या कागदावर सही करायची.

"अम्माला वाटतं मी लोभी आहे," तो म्हणाला. "ड्यूटी करून येतो आणि पाठीला टाकी लावून फवारतो. दर फवाऱ्यानंतर डोकं भणभणतं. किती वर्षं करू?"

जयम्मा शांतपणे म्हणाली, "मी त्याला लोभी म्हटलेलं नाही. पीक बघून ठरवू म्हटलं. शेत गेल्यावर मी काय करायचं, वरच्या मजल्यावर बसून विमानं बघायची?"

दोघंही खरं बोलत होते. त्यामुळे मला कुणाची बाजू घेता येईना. मी आपली छत्री काढली.

आमच्या कामात पांढरी छत्री लागते. उलटी धरायची आणि झाड तिच्यात झटकायचं. झाडावर कोण कोण राहतं ते छत्रीत पडतं. आधी मी बांधावरचं झुडूप झटकलं. कोळी, भुंगेरे, एक हिरवा नाकतोडा, नखाएवढ्या कसल्या कसल्या माश्या, सगळी पळापळ. मग वांगं झटकलं. धूळ, पिठ्या ढेकूण आणि मुंग्या पडल्या. दुसरं झाड, तिसरं झाड, तेच. एक कोळी नाही. वांग्याला फुलं होती आणि त्यांवर माशी नव्हती. मला अशा शेतात फार वाईट वाटतं. पेरलेलं, खुरपलेलं, पाणी दिलेलं हिरवंगार शेत, आणि आत कुणी राहत नाही.

"ही मुंगी बघा," मी मंजूला म्हटलं. "ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा येतो, तो ती चाटते, आणि ढेकणाला खायला कुणी आलं तर त्याला हाकलते. म्हणजे तुमच्या शेतात आता चोर आहेत, चोरांचे राखणदार आहेत, आणि पोलीस तुम्ही मारलेत."

"मग पोलीस आणा," मंजू म्हणाला. "पण लवकर."

मी दोन अटी घातल्या. आजपासून फवारा बंद, आणि मुंग्यांच्या बिळांत उकळतं पाणी. जयम्माने दोन्हीला मान हलवली. मंजू "सरी", म्हणजे बरं, म्हणाला, पण ते सरी आईकडे बघून होतं.

परत आले तो आयुधपूजा तोंडावर आलेली. बेंगळुरात त्या दिवशी चालणाऱ्या प्रत्येक वस्तूला हार पडतो, बसला, लेथला, इस्त्रीला, कंप्यूटरला. माझ्या खोलीत उदबत्ती, डासांची कॉइल, अत्तर, सगळ्याला बंदी होती, हे अण्णांना पाठ होतं. म्हणून त्यांनी उदबत्ती लावली नाही. भक्तिभावाने शेवंतीचे दाट हार आणून प्रत्येक पिंजऱ्याच्या जाळीला बांधले. मी सुट्टीवर होते. परत आल्यावर दार उघडलं तर जाळीच्या तळाशी भुंगेरे उताणे पडलेले. जयम्मासाठी काढून ठेवलेला पिंजराही त्यातच.

अण्णा धावत आले. "कशाने गेले? वीज गेली होती का?"

मी हाराकडे बोट दाखवलं.

"फुलं देवाची," अण्णा दुखावून म्हणाले. "फुलांत कसलं विष?"

वाद न घालता मी काचेच्या दोन बरण्या घेतल्या. एकीत हारातली शेवंती, दुसरीत माझ्या अंगणातली जास्वंद, आणि दोन्हींत वाचलेले थोडे भुंगेरे. अण्णा दिवसभर कामं टाकून बरण्यांपुढे येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी जास्वंदीतले बरणीच्या झाकणापर्यंत चढत होते. शेवंतीतले पडले होते. शेवंती सणाला टवटवीत दिसावी म्हणून तोडायच्या आदल्या दिवसापर्यंत फवारतात, हे मी बोलले नाही. अण्णांना कळलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे आपण देवालाही तेच घालतो." दुसऱ्या वर्षापासून ते पूजेला माझ्या दाराबाहेर नुसते हात जोडून उभे राहू लागले, आणि इतरांनाही तसंच उभं करू लागले.

पण तेव्हा माझ्यापुढे जयम्मा होती. वाचलेल्या भुंगेऱ्यांवर पैदास पुन्हा उभी करायची म्हणजे वेळ जाणार. किड्यांना ओव्हरटाइम देता येत नाही. मी तिला फोन करून खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "सरी. मी मुंग्यांचं बघते तोवर." मंजू मागून काहीतरी बोलला. तिने फोन ठेवला.

अखेर डबे भरले. झाकणाला जाळी, आत कागदाच्या पट्ट्या, वरून ओलं फडकं, असे ते डब्याच्या पिशवीत घालून मी बसने गेले. कंडक्टरने विचारलं, "डब्यात काय, मेडम?" मी "हुळ" म्हटल्यावर शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली. ऊन उतरल्यावर आम्ही तिघांनी वांग्यात भुंगेरे सोडले. जयम्मा प्रत्येक झाडाशी थोडं थांबायची, बाळाला पाळण्यात ठेवून हात काढून घेतात तशी.

तीन आठवडे बरे गेले. मग एका सकाळी मंजूचा फोन.

"मेडम, तुम्ही आम्हाला फसवलंत. तुमच्या किड्यांनी ढेकूण वाढवले. आधी तांदळाएवढे होते, आता कुरमुऱ्याएवढे झालेत. अंगावर केस आलेत त्यांच्या. मी टाकी भरलीय."

"मंजू, थांब. ते ढेकूण नाहीत..."

फोन बंद. पुन्हा लावला, उचलेना.

इथे या भुंगेऱ्याची एक गंमत सांगायला हवी. त्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. तीच पांढरी मेणाची झूल, तशीच झिरमिळी, फक्त अंगाने मोठी. त्या वेषात ती ढेकणांच्या वस्तीत शिरते आणि मुंग्याही फसतात. आमच्या माहितीपत्रकात भुंगेऱ्याचं सुरेख रंगीत चित्र होतं. अळीचं नव्हतं. मी अण्णांच्या मागे लागले होते, पण ते म्हणाले होते, "असलं चित्र छापलं तर गिऱ्हाईक पळून जाईल." मी तोंडी सांगितलं होतं, पण मंजूच्या ध्यानात चित्र राहिलं.

मी होते तशी निघाले. देवनहळ्ळीपर्यंत बस, पुढे ऑटो. ऑटोवाल्याला मी इतक्या वेळा "स्वल्प बेगा", जरा लवकर, म्हटलं की तो मागे वळून म्हणाला, "डिलिव्हरी आहे का, अक्का?"

शेताशी पोचले तेव्हा औषधाचा वास बांधापर्यंत आला होता. अर्धं शेत ओलं होतं. मंजू पाठीवर टाकी घेऊन उभा, आणि त्याच्या पुढ्यात, सरीच्या मधोमध, जयम्मा मांडी घालून बसलेली. पदर तोंडावर. पुढच्या झाडावर फवारायचं तर नळी आईच्या डोक्यावरून न्यावी लागली असती.

"उठायला तयार नाही," मंजू मला म्हणाला. रडकुंडीला आला होता.

मी तिच्याशेजारी खाली बसले. "जयम्मा, तुम्हाला कळलं होतं हे आपले किडे आहेत म्हणून?"

"मला कसं कळणार?" ती पदराआडून म्हणाली. "मलाही ढेकूणच वाटले. पण तुम्ही सांगितलं होतं, आता फवारायचं नाही. मी हो म्हटलं होतं. म्हणून बसले."

माझ्या नोकरीत मला एकदा ढाल मिळाली, एकदा शाल. त्या दोन्ही कपाटात आहेत. पण मला कुणी विचारलं की तुझ्या कामाला सगळ्यात मोठा मान कुठे मिळाला, तर मी त्या सरीचं नाव घेईन. स्वतःच्या डोळ्यांना उलटं दिसत असताना ती माझ्या शब्दावर विषाच्या फवाऱ्यासमोर बसली होती. मला तिथेच रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग मी मंजूला टाकी उतरवायला लावली. कोरड्या भागातली एक पांढरी अळी तळहातावर घेतली. काडीने डिवचली. ती तुरुतुरु मनगटाकडे पळाली. ढेकूण डिवचला. तो जागचा हलला नाही. "हा फरक," मी म्हटलं. मग दोघांना एका पानावर ठेवून भिंग त्याच्या हातात दिलं. अळी ढेकणापाशी गेली आणि खायला लागली. मंजू बराच वेळ भिंगातून बघत राहिला.

"आणि तिकडचे?" ओल्या वाफ्यांकडे न बघता त्याने विचारलं.

"तिकडचे गेले."

त्याने उरलेल्या टाकीचं काय करायचं तेवढं विचारलं, आणि माझ्या सांगण्याप्रमाणे निस्तरलं.

पुढचं शेताने दाखवलं. असा प्रयोग मी मागून मला कुणी करू दिला नसता. जयम्मा बसली होती तिथून अलीकडची, फवारा न पडलेली वांगी महिन्याभरात निवळली. नवे शेंडे हिरवे फुटले, फुलांवर माश्या आल्या, दोन झाडांमध्ये कोळ्यांनी जाळी विणली. पलीकडची पांढरीच राहिली. औषधाचा अंमल ओसरल्यावर मंजू ड्यूटीवरून येऊन इकडच्या अळ्या असलेले शेंडे खुडायचा आणि तिकडच्या झाडांवर अडकवायचा. हे त्याला मी सांगितलं नव्हतं. मला कळलं ते जयम्माकडून, आणि तिने ते तक्रारीच्या सुरात सांगितलं, "जेवायला बोलावलं तरी येत नाही, भिंग घेऊन बसतो." माहितीपत्रकात अळीचं चित्र आलं, तेही पहिल्या पानावर. अण्णांनी वर ओळ घालायला लावली, 'ही दिसली तर आनंद माना'.

सगळीकडे असं झालं नाही. कितीतरी शेतांत मी छत्री उघडली तेव्हा फार उशीर झाला होता. काही शेतकरी माझ्यासमोर मान हलवून माझी पाठ वळताच टाकी भरायचे. जिथे मी हौसेने भुंगेरे सोडले त्यांतल्या काही जागी आता चौथ्या मजल्यापर्यंत स्लॅब पडलेत. त्याची रुखरुख आहे. तरी अजूनही देवनहळ्ळीच्या रस्त्याने जाताना एखाद्या वांग्याच्या फुलावर माशी दिसली की मला उगाच वाटतं, ही आपली.

त्या वर्षी संक्रांत जवळ आली तसा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वांगी चांगली लागली होती, पण अर्धीच. अर्ध्या शेताला नीट आलेलं पीक म्हणायचं की नाही, हे माझ्या हातात नव्हतं. मी फोन केला नाही. विचारायचा अधिकार मला नाही असं वाटलं.

संक्रांतीच्या दुपारी मंजूचाच फोन आला. मागे कसला तरी गलका होता.

"लेआउटवाले आले होते का?" माझ्याने राहवलं नाही.

"आले होते. अम्माने एळ्ळू-बेल्ला, तुमचा तो तीळगूळ, दिलं, तेवढं घेऊन गेले." मग म्हणाला, "अक्का, पुढच्या वांग्याला हुळ पाहिजेत. या वेळी पूर्ण रानाला."

तो मला पहिल्यांदाच अक्का म्हणाला होता.

"आज पैदास सुरू केली तरी वेळ लागेल, मंजू," मी म्हटलं. "घाई करून चालत नाही."

"लागू दे, अक्का. शेत कुठं जात नाही आता."